पुढच्या गावचा प्रयोग

आमच्या नाटक कंपनीत काळ पुढे नेण्याचं काम रंभाजींकडे होतं.

दुसरा अंक संपला की ते पडदा सोडायचे. विंगेत मी घाईघाईनं केसांना सफेदा फासायची, रंगीत पातळ सोडून पांढरं नेसायची, आणि पडदा पुन्हा वर गेला की समोरच्या साऱ्या माणसांनी मुकाट्यानं मान्य केलेलं असायचं की मध्ये दहा वर्षं गेली. रंभाजींच्या लेखी दहा वर्षं म्हणजे एक कप चहा आणि अर्धी विडी. दोराला हात लावून ते आमच्याकडे डोकावायचे. "बाई, आवरा. आठ वरसं झाली. दोनच राह्यलीत."

साखर कारखान्यांच्या आवारात, जत्रांत, शाळांच्या पटांगणांत आमचे खेळ व्हायचे. नट बदलले, पेटीवाले बदलले, पडद्याच्या दोरावरचा हात मात्र शेवटपर्यंत एकच. ठेंगणा, काटक माणूस. तळव्यांना दोराचे घट्टे. पडदा किती वेगानं सोडायचा ते प्रसंग बघून ठरवायचे. रडण्याचा प्रसंग असला की इतका हळू आणायचे की संध्याकाळ उतरल्यासारखं वाटावं. मी कितीतरी टाळ्या घेतल्या, त्यातल्या निम्म्या त्यांच्या होत्या. हे मी तेव्हाही म्हणत असे आणि ते हात जोडून म्हणत, "बाई, ह्ये मालकाला सांगा."

श्रीरामपूरला एकदा दोर कप्पीत अडकला. राजा मरून पडलेला, सनई वाजून संपलेली, आणि पडदा काही खाली येईना. कालव्याकाठचे डास राजावर तुटून पडलेले. शेवटी राजानं मान न हलवता ओठांतल्या ओठांत विचारलं, "रंभ्या, मरू का उठू?" पहिल्या रांगेनं ते ऐकलं. विंगेतून रंभाजींचा आवाज आला, "मेलेल्यानं उठायचं न्हाई महाराज. उद्या राहुरीला उठा."

लोक इतके हसले की नाटकाचा शेवट आम्हाला दुसऱ्यांदा करावा लागला.

कंपनी बंद पडली तेव्हा मी नगरला सावेडीत भावाकडे आले आणि रंभाजी आपल्या वस्तीवर गेले. हिवरे बाजारच्या वाटेवर, डोंगराच्या अंगाला त्यांची थोडी जमीन आहे. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली, पण त्याआधी ठेवलेलं पोराचं नाव तसंच राहिलं. त्याची भरपाई रंभाजींनी नातीचं नाव ठेवताना केली. हौसेनं, भन्तेजींना विचारून, श्रावस्ती. मुलगा सचिन एमआयडीसीत कारखान्यात, सून अश्विनी शेत बघायची. अश्विनी गोदाकाठच्या गावची. सासऱ्यांना त्या भागातल्या रीतीप्रमाणे मामा म्हणायची आणि त्यांच्याशी दिवसभर वाद घालायची. तिच्याइतकं त्यांना हसवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मी गेले की म्हणायची, "मावशी, तुमच्या ह्या पडदेवाल्याला न्या परत. आमच्या घरात खिडकीचा पडदा लावायला सांगितला, तर म्हणतात आधी घंटा द्या."

शेतात त्यांनी सरकारी योजनेतून शेततळं खोदलं. खड्डा, त्यावर काळं प्लास्टिक अंथरलेलं, त्यात पावसाळ्याचं आणि बोअरचं पाणी साठवलेलं. आमच्या कोरड्या भागात आता डोंगरावरून पाहिलं तर अशी कितीतरी तळी चमकताना दिसतात. डाळिंबं त्यांच्यावरच जगतात.

श्रावस्ती सातवीत होती. तिला रंभाजींनी शेजारच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं होतं. पोरगी माशासारखी झाली होती.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सचिननं सगळ्यांना नगरला सिनेमाला नेलं. हिंदी बोलणारा इंग्रजी सिनेमा. विजेवर चालणारा पोशाख घातलेला एक महानायक, कोसळलेल्या इमारतीखाली त्याची बहीण गेलेली. मग कुणी एक म्हातारा शास्त्रज्ञ काळात मागे जायचं यंत्र तयार करतो. नायक मागे जातो, इमारत हातांवर तोलून धरतो, बहिणीला बाहेर काढतो. आनंदानं आपल्या काळात परत येतो, तर इथे बहीण मेलेलीच. तिचं थडगं जिथे होतं तिथेच. म्हातारा त्याला सांगतो की तू मागे जाऊन जे बदललंस, तिथून काळाला नवी फांदी फुटली. तुझी फांदी आहे तशीच राहणार.

हे सगळं मला रंभाजींनी सांगितलं, आणि परतीच्या वाटेवर एसटीत आजोबा-नातीचं काय भांडण झालं तेही.

"मग त्याचा उपेग काय झाला?" रंभाजी म्हणाले. "येवढा खटाटोप करून गेला, आन् हात हालवत आला."

"उपयोग तिला झाला ना, आजोबा. त्या फांदीवरच्या बहिणीला. ती जगली की."

"आन् ह्याला काय मिळालं?"

"ह्याला काहीच नाही."

"मग येडा हाय त्यो."

"तुम्हीच तर सांगता, श्रीरामपूरला मेलेला राजा राहुरीला जिवंत असतो म्हणून. तसंच आहे ते."

पुढच्या सीटवरून अश्विनी वळून म्हणाली, "आता ह्या दोघांना कंडक्टरनं उतरवलं तर मी वळखत न्हाई म्हणून सांगंन."

"आमच्या वेळंला आसती तर हिला कंपनीत घेतली असती," असं रंभाजी मला हसत म्हणाले होते. तो सिनेमा नंतर सचिनच्या मोबाइलवर आला आणि सुट्टी संपेपर्यंत ती दोघं तो पुन्हापुन्हा बघत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात श्रावस्ती शेळीला पाणी आणायला बादली घेऊन तळ्यावर गेली. अश्विनी कांदे काढायला शेजारच्या मळ्यात होती, सचिन कामावर. रंभाजी ओट्यावर पडले होते.

पाण्याच्या पातळीला प्लास्टिकवर शेवाळ धरतं. उताराला पाय ठरत नाही. आत पडलेल्याला वर यायला धरायला काहीही नसतं, काठ डोळ्यांसमोर असला तरी. पोहता न येणारा लगेच जातो. श्रावस्तीला पोहता येत होतं. प्लास्टिकवर जागोजागी नखांचे ओरखडे होते, चारही बाजूंना. सचिननं मला एवढं सांगितलं आणि तो उठून गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी वस्तीवर गेले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, भन्तेजींचा शांत आवाज, मांडवाखाली ऊन. रंभाजी गोठ्यापाशी एकटेच बसले होते. हातात मोबाइल. आवाज बंद करून ते तोच सिनेमा बघत होते.

"बसा बाई," ते म्हणाले. "ह्यात एक जागा आसंल, आसं वाटतंय मला. त्याची सवताची फांदी बदलल, आशी एखादी जागा. मी नीट बघतोय."

मी त्यांच्याशेजारी बसले.

"तुमी शिकलेल्या. ह्ये फांदीचं जे सांगतात, ते शास्त्रात हाय का निसतं सिनेमातलं?"

"सिनेमातलं आहे, रंभाजी."

त्यांनी मोबाइलवरचं चित्र थांबवलं. "मग सिनेमातलंच आसंल तर तिला परत आनायला काय हरकत हुती? लिहिनाऱ्याच्याच हातात हाय ना सगळं. कोन आडवीत हुतं त्याला?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोलले. त्या घटकेला कुणी एक तरी वाक्य लिहून हातात द्यावं असं मला वाटलं.

त्याच दिवशी, पंगत उठताना, अश्विनी सगळ्यांसमोर बोलली. ओरडली नाही. हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "आख्खा जलम दोर वढले मामांनी. घरच्या तळ्याला येक दोर बांधला न्हाई. मी म्हनलं हुतं, तर म्हनाले, माझी नात पोहती." भांडं उचलून ती आत गेली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलायची बंद झाली. वेळेवर ताट वाढायची, औषध ठेवायची, कपडे धुवायची. शब्द मात्र एक नाही. ते खोकले तरी सचिनला म्हणायची, "बघा, कोन खोकतंय."

रंभाजींनी स्वतःचं तळं बुजवून टाकलं. डाळिंबं वाळली.

पाऊस संपता संपता ते एकदा सावेडीला माझ्या दारात उभे राहिले. खांद्यावर नायलॉनच्या दोराचं भेंडोळं. चहा होईपर्यंत ते उभेच होते.

"बाई, नात येष्टीत बराबर बोलली हुती. आपल्या गावचा खेळ झाला. मेलेल्यानं उठायचं न्हाई. पन पुढल्या गावाला पडदा अजून वर जायचाय."

मला आधी भीती वाटली. वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. त्यांना ते कळलं. ते खाली बसले आणि समजावून सांगू लागले.

"गोरक्षचं तळं हाय आमच्या बांधाला लागून. त्याची धाकली पोरगी काठावं खेळती. तिथं अजून काय झालं न्हाई. व्हय का न्हाई? म्हंजी तिथं मी आदुगर पोचलोय. त्या सिनेमातल्याला जिथं जायला यंत्र लागलं, तिथं मला चालत जाता येतंय."

"आणि तुम्हाला काय मिळणार, रंभाजी?"

"काय न्हाई. त्याला तरी काय मिळालं?"

हातभर अंतरावर एकेक गाठ मारलेला जाड दोर. वरचं टोक काठावरच्या लोखंडी खांबाला, खालच्या टोकाला रिकामा कॅन बांधून तो पाण्यावर सोडलेला. गाठींवर पाय आणि हात ठरतात. त्यांनी आजूबाजूच्या वस्त्यांवर असे दोर बांधायला सुरुवात केली. आधी मालकाला विचारायचे. काही जण हो म्हणायचे, काही जण कुत्रं सोडायचे. जिथे पोर गेलं त्या घरातल्या म्हाताऱ्यानं येऊन आपल्या पाण्यावर दोर टांगायचा, हे पुष्कळांना अशुभ वाटे. बायका मुलांना आत ओढून घ्यायच्या. लांबून येणारा हा माणूस दोर घेऊन दिसला की गावाच्या मनात काय येतं, ते मी इथे लिहीत नाही.

फाट्यावरच्या सहादेवच्या चहाच्या टपरीवर त्यांची रोज थट्टा व्हायची. एकदा मी तिथे होते.

"आबा, आजपतुर किती वाचले?" सहादेवनं विचारलं.

"कुनी पडलंच न्हाई."

"मग दोर कशाला?"

"पडल्यावं वाचला तर तुला कसं कळंल? पडून, दोर धरून, गपचूप वर येऊन, आईच्या माराच्या भ्यानं घरी सांगितलं न्हाई, आसं येखादं पोर आसंल तर?"

"म्हंजी पुरावा न्हाई."

"न्हाई."

"मग काय उपेग हो आबा!"

सगळे हसले. रंभाजीही हसले. हसताना त्यांचा हात खांद्यावरच्या भेंडोळ्यावर होता.

गोरक्षच्या तळ्यासाठी ते सगळ्यांत जास्त झिजले. गोरक्ष माणूस वाईट नव्हता. श्रावस्तीला बाहेर काढायला पहिली उडी त्यानंच मारली होती, कमरेला बैलाचं दावं बांधून. पण दोराचं नाव काढलं की चिडायचा. "आबा, दुसरं काय पन मागा. माझ्या पान्यावं ते नगं." शेवटी त्याची आई रंगुबाई, कमरेत वाकलेली म्हातारी, काठी आपटत तळ्यावर आली. "बांध रे रंभाजी. ह्याचं काय आयकतोस? म्या जिती हाय तवर त्यो दोर सुटायचा न्हाई." तो दोर बांधून झाला त्या रात्री रंभाजी पहिल्यांदा नीट झोपले, असं सचिन म्हणाला.

गेल्या थंडीत रंगुबाई वारली. या उन्हाळ्यात रंभाजींना झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली.

मी भेटायला गेले तेव्हा ते ओट्यावर गोधडीवर पडलेले होते. जीभ जड. एकेक शब्द बाहेर काढायला कष्ट पडत होते. अश्विनी पलीकडे सुपात गहू निवडत बसली होती. मला पाहून रंभाजी सारखे बांधाकडे बोट दाखवत राहिले. बऱ्याच वेळानं कळलं. गोरक्षच्या तळ्यावरचा दोर आहे का, ते मी बघून यावं. म्हातारी गेल्यापासून त्यांना तीच धास्ती होती, आणि आता स्वतः जाता येत नव्हतं.

मी बांधाबांधानं गेले. गुडघे धरत. उन्हाळ्यानं तळ्याचं पाणी काठापासून दोन हात खाली गेलेलं होतं. खांब होता. दोर नव्हता. पलीकडे कांद्याच्या ढिगावर ताडपत्री ताणली होती, आणि तिला चारी कोपऱ्यांवर बांधलेले दोराचे तुकडे होते. तुकड्यांवर हातभर अंतरावर गाठी.

गोरक्ष मोटर बघत होता. मला ओळखून त्यानं नमस्कार केला. मी दोराचं विचारलं.

"दोन वरसं हुता की, बाई. कोन पडलं? कुनी न्हाई. निसता उन्हात कुजत हुता. अवकाळीचं आभाळ आलं, कांदा झाकायला काय गावंना, मग घेतला कापून."

"तुमची मुलगी लहान आहे."

"तिला तळ्यावं जायचं न्हाई म्हनून सांगितलंय."

मुलगी त्याच्या मागेच होती. प्लास्टिकच्या काठावर बसून पाण्यात खडे टाकत होती. मी तिच्याकडे बोट केलं तर तो तिच्यावर ओरडला, ती पळाली, आणि त्याच्या लेखी विषय संपला.

ओट्यावर परत आले तोवर मी चेहरा तयार केला होता. "आहे हो दोर," मी म्हणाले. "जागच्या जागी. कॅनसुद्धा तसाच."

रंभाजींनी माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या तोंडानं, तुटक तुटक म्हणाले, "बाई... विंगेतनं... लई बघितलंय... तुमाला."

मग मी खरं ते सांगितलं. ते उठायला लागले. उठता येईना. डाव्या हातावर जोर देऊन कलले आणि कुशीवर पडले. मला एकटीला सावरेनात. मी अश्विनीकडे पाहिलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. आली, काखेत हात घालून त्यांना पुन्हा टेकवून बसवलं. मग घरामागे गेली आणि नायलॉनच्या दोराचं शिल्लक राहिलेलं भेंडोळं आणून त्यांच्यापुढे टाकलं. स्वतः समोर मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, "मावशी, गाठ कशी मारायची, ती इचारा त्यांना."

मी विचारलं. रंभाजींनी डाव्या हातानं टोक धरलं, दातांत धरून दुमडलं, वेढा दाखवला. अश्विनीनं बघून केली. सैल झाली. त्यांनी मान हलवली. तिनं सोडून पुन्हा केली. दोघं एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, फक्त दोराकडे. एकदा ती म्हणाली, "मावशी, त्यांना म्हनावं, येवढ्या जवळ गाठी कशाला?" रंभाजींनी हात वर करून लहान मुलाची उंची दाखवली. तिनं सगळ्या गाठी तशाच जवळजवळ मारल्या.

ऊन कलल्यावर ती दोर खांद्यावर घेऊन निघाली. मला राहवेना, मागोमाग गेले.

गोरक्ष आणि त्याची बायको ताडपत्री सारखी करत होती. बायको पोटुशी, दिवस भरत आलेले. अश्विनीला पाहून दोघं थांबली. ती आजवर या बाजूला फिरकली नव्हती.

"भावजी, ह्यो बांधायचाय," अश्विनी म्हणाली.

"वहिनी, तुमचं दुख का मला कळत न्हाई? त्या दिशी मीच..." तो अडखळला. "पन घरात बाळंतपन आलंय. ह्या टायमाला तुमच्या घरातला दोर नगं."

"काय झालं आमच्या घरातल्या दोराला?"

"तुमच्या तळ्याला तवा न्हवता, आन् आता गावभर टांगून काय हुनार हाय?"

बोलून गेल्यावर त्याचा चेहरा उतरला. बायकोनं त्याचा दंड धरला.

अश्विनीनं दोर त्याच्या पायांशी ठेवला. चपला काढून जोडीनं ठेवल्या. पदर कमरेला खोचला. मला वाटलं, ती खांबापाशी चालली. ती काठावर बसली आणि घसरत पाण्यात गेली.

गोरक्षची बायको किंचाळली. अश्विनी वर आली, पाणी थुंकली. पोहणारी बाई, चार हात मारून काठाशी आली. प्लास्टिकवर तळवे टेकले, गुडघा वर घेतला आणि घसरून गळ्यापर्यंत खाली गेली. पुन्हा टेकले. पुन्हा घसरली. मग बाजूला सरकून दुसरीकडे प्रयत्न केला, मग तिसरीकडे. नखांचा प्लास्टिकवर होणारा आवाज मी ऐकला. तो आवाज मला अजून सोडत नाही.

"वहिनी, आवो काय ह्ये! या वर!" गोरक्ष काठावर वाकून हात लांब करत होता. हात पोचत नव्हता.

"येता येत न्हाई," अश्विनी म्हणाली. ओरडली नाही. दम लागलेला होता, एवढंच.

त्यानं मागे वळून दावं शोधलं, काहीबाही शोधलं, आणि मग पायांशी ठेवलेला दोर उचलला. एक टोक मुठीला गुंडाळून उरलेला पाण्यात फेकला. मी आणि त्याच्या बायकोनं मागून त्याची कंबर धरली. पोटुशी बाई, म्हातारी बाई, आणि पुढे तो. अश्विनीनं पहिली गाठ धरली, मग वरची. पायाखाली गाठ घेतली. वर आली तेव्हा तिच्या बोटांच्या शेंड्यांतून रक्त येत होतं.

गोरक्षची पोरगी कांद्याच्या ढिगामागून बघत होती. गोरक्ष खांबापाशी गेला आणि दोराचं टोक बांधू लागला. ओल्या दोराचा वेढा बसेना. शेवटी त्याच्या बायकोनं खाली बसून वेढा दाबून धरला, तेव्हा बसला. मग त्यानं कॅन शोधून आणला आणि खालच्या टोकाला बांधून पाण्यावर सोडला.

परतताना बांधावर मी अश्विनीला रागावले. "काय केलंस हे? दोर पोचला नसता तर?"

"मला बघायचं हुतं, मावशी," ती म्हणाली. "तिला आतनं काय दिसलं आसंल त्ये."

विचारू नये ते मी विचारलं. "काय दिसतं?"

"कड दिसती. दोन हात वर. निसती कड."

ओट्यावर दिवा लावलेला होता. सचिन कामावरून आला होता आणि बापाला पाणी पाजत होता. त्यानं अश्विनीची भिजलेली साडी पाहिली, बोटं पाहिली, आणि भांडं त्याच्या हातातच राहिलं. रंभाजींनीही पाहिलं. जड जिभेनं ते एवढंच म्हणाले, "गाठी... पुरल्या का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. अश्विनी माझ्या आधी बोलली.

"पुरल्या, मामा."

ती आत कपडे बदलायला गेली. रंभाजी रडायला लागले. चेहऱ्याची एकच बाजू हलत होती, दुसरी तशीच स्वस्थ. सचिन टॉवेलानं दोन्ही बाजू पुसत राहिला.